फ्रीडमबॉक्स घरी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात स्वतःचा छोटा सर्व्हर चालवू इच्छिणाऱ्या वाचकांकडून फ्रीडमबॉक्सबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. पहिले प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. पुढचे, सर्व्हर चालू झाल्यावर कुठेतरी अडलेल्यांसाठी. पत्ते आणि पॅकेजांची (म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांची) नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकावीत, आणि ‘डॉट’ या शब्दाच्या जागी टिंब द्यावे.

१. फ्रीडमबॉक्स हे यंत्र आहे की सॉफ्टवेअर?

मुळात ते सॉफ्टवेअर आहे. डेबियन या लिनक्स वितरणावर (लिनक्स ही विंडोजसारखी, पण मुक्त संगणकप्रणाली, आणि वितरण म्हणजे तिचा तयार संच) उभी असलेली ही प्रणाली कमी वीज खाणाऱ्या छोट्या संगणकाला घरगुती सर्व्हर बनवते. फायली, कॅलेंडर, संपर्क, गप्पा, विकी अशा सेवा त्यावर चालतात आणि त्यांची सगळी व्यवस्था ब्राउझरमधल्या पानांवरून करता येते. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्क येथील एका व्याख्यानात ही कल्पना मांडली. लोकांचा पत्रव्यवहार आणि खासगी माहिती मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर साठत जाण्याऐवजी ज्याची त्याच्या घरातील स्वस्त यंत्रात राहावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी फ्रीडमबॉक्स फाउंडेशन स्थापन झाले. सॉफ्टवेअर एजीपीएल या परवान्याखाली मुक्त (म्हणजे कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येणारे) आणि मोफत आहे. ते आधीच बसवलेले यंत्र हवे असल्यास बल्गेरियातील ऑलिमेक्स ही कंपनी २०१९ पासून ‘पायोनियर’ या नावाने तसे यंत्र विकते, परंतु तेच घ्यायला हवे असे मुळीच नाही.

२. हे अजून प्रायोगिक आहे ना? मग घरच्या कामासाठी त्यावर विसंबावे का?

प्रकल्पाची सुरुवात निश्चितच प्रयोग म्हणून झाली आणि बरीच वर्षे आवृत्तीचा क्रमांक एकच्या खालीच राहिला. २०१९ पासून आवृत्त्यांना वर्षावरून क्रमांक दिले जातात. आज ही प्रणाली डेबियनच्या स्थिर आवृत्तीचा भाग आहे, आणि भारतातील काही खेड्यांत सामाईक वायफाय व स्थानिक सेवा पुरवण्यासाठीही ती वापरली गेली आहे. तरीही सगळ्या सेवा सारख्याच पक्व आहेत असे समजू नये. कॅलेंडर आणि फायलींची देवाणघेवाण या बाबतीत ती भरवशाची आहे. स्वतःच्या ईमेल सर्व्हरबाबत मात्र माझे मत वेगळे आहे (प्रश्न १३ पाहा).

उतरवण्याच्या पानावर ‘स्टेबल’, ‘टेस्टिंग’ आणि ‘नाइटली’ अशा तीन प्रकारच्या प्रतिमा (कार्डावर किंवा डिस्कवर जशाच्या तशा लिहायच्या, तयार प्रणालीच्या फायली) दिसतात. घरच्यांची माहिती ठेवायची असेल तर फक्त ‘स्टेबल’ घ्यावी. ‘नाइटली’ ही विकासकांसाठी रोज तयार होणारी प्रत आहे आणि ती आज चालली म्हणून उद्या चालेलच असे नाही.

३. कोणते यंत्र घ्यावे? जुना लॅपटॉप चालेल का?

चालेल, आणि महाराष्ट्रातील बहुतेक घरांसाठी मी आधी तोच सुचवतो. लॅपटॉपची बॅटरी थोडी जरी शिल्लक असली, तरी वीज गेल्यावर सर्व्हर एकदम बंद पडत नाही. त्याला पडदा आणि कळफलक असल्यामुळे काही बिघडले तर समोर बसून पाहता येते, आणि आतील डिस्क मेमरी कार्डापेक्षा कितीतरी टिकाऊ असते. प्रोसेसर चौसष्ट बिटचा असावा, मेमरी किमान १ जीबी आणि शक्यतो २ जीबी किंवा अधिक असावी. झाकण मिटले की लॅपटॉप झोपी जातो. ती सेटिंग बदलण्यास विसरू नये.

येथे एक गोष्ट अनेकांची फसगत करते. लॅपटॉप-डेस्कटॉपसाठी मिळणारी फ्रीडमबॉक्सची प्रतिमा हा प्रश्न विचारत पुढे जाणारा इन्स्टॉलर नाही. ती तयार डिस्कची हुबेहूब प्रत आहे. ती पेनड्राइव्हवर लिहिली, तर सर्व्हर त्या पेनड्राइव्हवरूनच चालू लागेल आणि आतील डिस्क तशीच पडून राहील. आतील डिस्कवर बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आधी नेहमीच्या इन्स्टॉलरने डेबियन बसवावे आणि मग त्यावर फ्रीडमबॉक्सचे पॅकेज घालावे. त्याची रीत प्रश्न ७ मध्ये आहे.

४. माझ्याकडे रास्पबेरी पाय पडून आहे. तो वापरू का?

रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) हा हातावर मावणारा छोटा संगणक आहे. सुरुवात करण्यासाठी तो अवश्य वापरावा. त्याच्यासाठी वेगळी प्रतिमाही मिळते. एवढे लक्षात असावे की पाय सुरू होण्यासाठीच मुक्त नसलेले फर्मवेअर (यंत्राचे भाग चालवणारे आतले सॉफ्टवेअर) लागते, आणि फ्रीडमबॉक्स संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरत असल्याने प्रकल्पाच्या शिफारशींत पायला पहिले स्थान नाही. त्याच्या अंगभूत वायफायवर विसंबू नये, राउटरला केबलनेच जोडावा. ज्यावरून तो चालतो ते मेमरी कार्ड किमान ८ जीबीचे आणि चांगल्या प्रतीचे असावे. स्वस्त चार्जरमुळे पुरेसा विद्युतप्रवाह न मिळून पाय अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, हेही वारंवार घडते.

५. कार्डावर प्रतिमा कशी लिहावी? नुसती फाइल कॉपी केली तर सुरूच होत नाही.

कॉपी करून उपयोग नाही. प्रतिमेतील प्रत्येक बाइट कार्डाच्या पहिल्या जागेपासून जसाच्या तसा लिहावा लागतो आणि त्यासाठी बलेनाएचरसारखे साधन वापरावे. उतरवलेली फाइल एक्सझेड पद्धतीने दाबलेली असते. एचर ती स्वतः उलगडते, पण लिनक्सवरील डीडी आदेश उलगडत नाही. त्यामुळे डीडी वापरणाऱ्यांनी आधी फाइल मोकळी करावी. लिहिताना समोर दिसणाऱ्या यादीतील डिस्कचा आकार पाहावा. १६ जीबी दिसते आहे म्हणजे ते कार्ड, ५०० जीबी दिसते आहे म्हणजे तो आपला स्वतःचा लॅपटॉप, आणि चुकून तो निवडल्यास त्यावरचे सगळे पुसले जाईल.

प्रतिमेसोबत मिळणारी सहीची फाइलही उतरवावी आणि जीपीजी या डिजिटल सही तपासणाऱ्या साधनाने ती पडताळून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. आपली सगळी खासगी माहिती ज्या प्रणालीच्या हाती द्यायची, ती वाटेत कोणी बदललेली नाही याची खात्री करून घेण्याची हीच वेळ असते. कार्ड मोठे असेल तर उरलेली जागा प्रणाली पहिल्या सुरुवातीला आपोआप वापरात घेते. वेगळे विभाजन करावे लागत नाही.

६. यंत्र चालू केले, पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही.

पहिल्या वेळी वाट पाहावी. कार्डावरून पहिली सुरुवात होताना प्रणाली स्वतःची मांडणी करत असते आणि तिला दहा-पंधरा मिनिटे सहज लागू शकतात. या काळात वीज काढून पुन्हा लावणे हे सर्वात वाईट, कारण मांडणी अर्धवट राहते.

त्यानंतर त्याच राउटरला जोडलेल्या संगणकावर ‘फ्रीडमबॉक्स डॉट लोकल’ हा पत्ता उघडावा. हे नाव इंटरनेटवर कुठेही नोंदलेले नसते. घरातील जाळ्यावर यंत्रे एकमेकांना नावाने हाका मारतात, त्या सोयीवर ते चालते. काही अँड्रॉइड फोनांवर आणि काही राउटरांच्या ‘पाहुण्यांसाठीच्या’ वायफायवर ही सोय चालत नाही. अशा वेळी राउटरचे पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी. त्यात फ्रीडमबॉक्स या नावासमोर १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता (जाळ्यावर यंत्राला मिळालेला क्रमांक) असेल. तोच ब्राउझरमध्ये टंकावा. यादीत यंत्रच नसेल तर दोष केबलचा किंवा कार्डाचा आहे. यंत्राला एकाहून अधिक इथरनेट जागा असतील तर केबल दुसऱ्या जागेत लावून पाहावी, कारण प्रणाली त्यांतील एकच जागा राउटरकडे जाणारी मानते.

पान उघडले की प्रशासकाचे खाते तयार करावे लागते. वापरकर्त्याचे नाव रोमन अक्षरांतच ठेवावे. आतील मजकूर, फायलींची नावे आणि विकीची पाने मात्र देवनागरीत बिनधोक चालतात.

७. आधीपासून असलेल्या डेबियनवर पॅकेज बसवले. आता ते ‘सीक्रेट’ मागते आहे. मला तर असे काही मिळालेच नाही.

डेबियनवर एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने ‘फ्रीडमबॉक्स’ नावाचे पॅकेज बसवल्यास पहिल्या पानावर एक गुप्त शब्दसमूह विचारला जातो. तो आपल्याला कोणी पाठवत नाही. तो बसवण्याच्या वेळी त्याच यंत्रावरील एका फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि ती फाइल वाचण्याचा आदेश त्याच पानावर दिलेला असतो. यंत्रासमोर बसून किंवा एसएसएचने (जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावर आदेश चालवण्याची सुरक्षित पद्धत) आत जाऊन तो आदेश चालवावा आणि मिळालेली अक्षरे येथे भरावीत. जाळ्यावरील दुसऱ्याच कोणी आपल्या आधी प्रशासक होऊन बसू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. कार्डावरील तयार प्रतिमेत हा प्रश्न येत नाही.

ज्या डेबियनवर आधीपासून वेब सर्व्हर किंवा इतर महत्त्वाची कामे चालू आहेत, त्यावर फ्रीडमबॉक्स बसवू नये. तो अपाची (वेब सर्व्हर), फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी भिंत) आणि जाळ्याची मांडणी स्वतःच्या हातात घेतो आणि आधीची रचना विस्कटू शकते. कोरे यंत्र द्यावे.

८. ब्राउझर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. मी पुढे जाऊ का?

आपल्याच घरात, आपल्याच राउटरवरून, आपण नुकत्याच बसवलेल्या यंत्राकडे जात असाल तर हो. सर्व्हरने आपले प्रमाणपत्र स्वतःच सही करून बनवलेले असते आणि त्याला बाहेरच्या कोणाची साक्ष नसते, एवढाच त्या इशाऱ्याचा अर्थ आहे. मजकूर कूटबद्धच जातो. हाच इशारा बाहेरगावी, हॉटेलच्या वायफायवर दिसला तर मात्र मुळीच पुढे जाऊ नये. ‘डॉट लोकल’ नावासाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे प्रमाणपत्र मिळू शकत नाही. त्यासाठी खरे डोमेन, म्हणजे इंटरनेटवर नोंदलेले नाव, लागते (प्रश्न १० पाहा).

९. सुरुवातीला कोणत्या सेवा चालू कराव्यात?

एकच. यादीत कितीतरी सेवा दिसतात आणि प्रत्येकीसमोर ‘इन्स्टॉल’ची कळ असते, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी दहा सेवा बसवण्याचा मोह होतो, मग १ जीबी मेमरीचे यंत्र रडतखडत चालते आणि त्यांतल्या एकीचाही घरात कोणाला उपयोग होत नाही. घरच्यांना आज ज्याची गरज आहे त्यापासून सुरुवात करावी. कॅलेंडर आणि संपर्क यांसाठी रॅडिकेल अतिशय हलकी सेवा आहे. फोनमधील छायाचित्रे घरच्या डिस्कवर यावीत असे वाटत असेल तर सिंकथिंग बसवावे. तीन-चार आठवडे ती विनातक्रार चालली, बॅकअप परत भरून पाहिला (प्रश्न १२), की मग दुसरी.

फायली, कॅलेंडर वगैरे एकाच जागी देणाऱ्या नेक्स्टक्लाउडबद्दल सर्वाधिक विचारणा होते. तीही यादीत आहे, परंतु बहुतेक सेवा डेबियनच्या पॅकेजांतून येतात तशी ती येत नाही. वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे उरलेल्या प्रणालीपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, चालते. ती जड आहे, म्हणून २ जीबीपेक्षा कमी मेमरीवर तिच्या वाटेला जाऊ नये.

घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते काढावे आणि ज्याला जी सेवा हवी तेवढीच परवानगी द्यावी. प्रशासकाचे अधिकार दोन व्यक्तींकडे असावेत. घरातील एकाच माणसाला पासवर्ड माहीत आहे आणि तो माणूस आजारी पडला किंवा परगावी गेला, तर सगळ्यांची छायाचित्रे आणि पत्ते कुलपाआड राहतात. तंत्र न जाणणाऱ्या आई-वडिलांना खाते देताना त्यांच्या फोनवर सगळे आपण स्वतः जोडून द्यावे आणि शेजारी बसून एकदा वापरून दाखवावे.

१०. घराबाहेरून माझ्या सर्व्हरपर्यंत कसे पोहोचायचे? राउटरमध्ये पोर्ट उघडले, तरी जमत नाही.

सर्वाधिक लोक येथेच अडतात, आणि बहुतेकदा त्यांचे काहीही चुकलेले नसते.

सरळ मार्ग असा: राउटरमध्ये फ्रीडमबॉक्ससाठी घरातील आयपी पत्ता कायम करून ठेवावा, ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांक दिलेली दारे) त्याच्याकडे वळवावेत, आणि एक डोमेन नाव घ्यावे. विकतचे डोमेन नको असेल तर फाउंडेशनच्या डायनॅमिक डीएनएस सेवेतून मोफत उपडोमेन मिळते (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही). घरचा पत्ता बदलला की सर्व्हर तो स्वतः कळवत राहतो. मग लेट्स एन्क्रिप्टच्या पानावर एक कळ दाबली की प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत साधारणतः ९० दिवसांची असते आणि नूतनीकरण आपोआप होते, मात्र पडताळणीसाठी ८० क्रमांकाचा पोर्ट बाहेरून उघडा असावा लागतो. ‘४४३ पुरे’ असे समजून ८० बंद ठेवणाऱ्यांचे प्रमाणपत्र याच कारणाने अडते.

आता अडचण. भारतातील अनेक इंटरनेट पुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा आयपी) पत्ता देतात. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शब्दासमोरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, अथवा ‘माझा आयपी कोणता’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर आपण अशा सामाईक पत्त्यामागे आहात. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी पुरवठादाराच्या यंत्रणेत ते बंदच राहतात.

यावर उपाय आहेत. पुरवठादाराकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा. बहुधा त्यासाठी जादा पैसे पडतात. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) मिळत असेल तर तोच मार्ग धरावा, कारण त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो आणि भारतातील मोबाइल जाळ्यांवर तो सर्रास चालतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये फ्रीडमबॉक्सपुरती वाट मात्र उघडावी लागते. हे दोन्ही नसेल तर टॉर या निनावी जाळ्यावरून सर्व्हरपर्यंत पोहोचवणारी ओनियन सेवा चालू करावी. ती कोणत्याही पोर्टशिवाय चालते, पण पाहणाऱ्याकडे टॉर ब्राउझर लागतो आणि वेग कमी असतो. चौथा मार्ग इंटरनेटवरील भाड्याच्या छोट्या सर्व्हरशी वायरगार्ड या साधनाने कूटबद्ध बोगदा जोडण्याचा आहे. तो उत्तम चालतो, मात्र लिनक्सची बऱ्यापैकी माहिती हवी.

आणि हेही सांगतो की बाहेरून पोहोचण्याची गरज प्रत्येक घराला असतेच असे नाही. संध्याकाळी घरी आल्यावर फोन वायफायला जोडला जातो आणि सिंकथिंग आपले काम करते, एवढ्यावर समाधानी असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांची रचना सर्वात सुरक्षित आहे.

११. बाहेरून डोमेन उघडते, पण घरात बसून तेच डोमेन उघडत नाही. असे कसे?

काही राउटर आतून निघालेली आणि बाहेरच्याच पत्त्याने पुन्हा आत येऊ पाहणारी विनंती आत वळवत नाहीत, टाकून देतात. सर्व्हरमध्ये दोष नाही. राउटरमध्ये ‘नॅट लूपबॅक’ किंवा ‘हेअरपिन’ अशी सेटिंग असल्यास ती चालू करावी. नसल्यास घरात ‘डॉट लोकल’ पत्ता वापरावा किंवा राउटरच्या डीएनएसमध्ये आपल्या डोमेनसमोर घरातील आयपी पत्ता नोंदवावा. फोनमधील ॲप घर आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी एकाच पत्त्यावर चालायला हवे असेल, तर हा शेवटचा उपाय सर्वात चांगला.

१२. स्नॅपशॉट आपोआप घेतले जातात; मग बॅकअप वेगळा कशाला? आणि वीज गेली तर?

स्नॅपशॉट म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणाच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद. ते त्याच डिस्कवर असतात. अपडेटनंतर काही बिघडले तर मागच्या स्थितीत परतण्यासाठी ते फार उपयोगी आहेत, पण कार्डच मेले तर त्याच्यासोबत तेही जातात. शिवाय ते बीटीआरएफएस फाइल प्रणालीवरच चालतात. प्रश्न ७ प्रमाणे साध्या डेबियनवर बसवले असेल आणि डिस्क ईएक्सटी४ प्रकारची असेल, तर ते मिळणारच नाहीत.

बॅकअपसाठी फ्रीडमबॉक्स बोर्ग हे साधन वापरतो. बॅकअप बाह्य डिस्कवर किंवा एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर ठेवता येतो आणि त्याचे वेळापत्रक लावता येते. दुसऱ्या गावातील भावाच्या किंवा मैत्रिणीच्या घरी असलेल्या सर्व्हरवर कूटबद्ध बॅकअप ठेवणे आणि त्यांचा आपल्याकडे ठेवणे ही मला या साऱ्यातील सर्वात सुंदर सोय वाटते, कारण तेथे कोणी कोणाची माहिती वाचू शकत नाही आणि तरी दोघांची माहिती सुरक्षित राहते. बॅकअपचा सांकेतिक वाक्यांश मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवावा. तो हरवला तर बॅकअप कोणालाही, कोणत्याही उपायाने उघडता येणार नाही. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत काढून पाहावी.

विजेबाबत: मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल प्रणाली बिघडू शकते. जेथे भारनियमन नेहमीचे आहे तेथे यंत्र इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावे किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरावा, त्याचा व्होल्ट आणि अँपियर यंत्राला जुळतो याची खात्री करून. बंद करताना पानावरील ‘शटडाउन’ची कळच वापरावी.

१३. स्वतःचा ईमेल सर्व्हरही चालवता येईल का?

सेवा यादीत आहे आणि ती बसते, तरी घरच्या जोडणीवरून चालवू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अनेक पुरवठादार २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात, आपल्या पत्त्याची उलट डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) आपल्या हातात नसते, आणि घरगुती जोडण्यांचे पत्ते मोठे ईमेल पुरवठादार मुळातच संशयास्पद मानतात. परिणाम असा की पत्र ‘पाठवले’ असे दिसते आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये पडते किंवा पोहोचतच नाही. स्थिर पत्ता आणि उलट नोंद दोन्ही मिळत असतील तरच विचार करावा. कुटुंबातील गप्पांसाठी इजॅबर्ड किंवा मॅट्रिक्स हा चांगला पर्याय आहे. मात्र मॅट्रिक्समध्ये एकदा निवडलेले डोमेन नंतर बदलता येत नाही, म्हणून प्रश्न १० मधील डोमेनचा निर्णय पक्का झाल्याशिवाय ती सेवा बसवू नये.

१४. अपडेट मला करावे लागतात का? डेबियनची नवी आवृत्ती आली की सगळे पुन्हा बसवायचे का?

नाही. सुरक्षा अपडेट आपोआप बसतात आणि ही सोय मुळातच चालू असते. ती बंद करू नये. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते (१२ क्रमांकाची जून २०२३ मध्ये आली, १३ क्रमांकाची ऑगस्ट २०२५ मध्ये), आणि फ्रीडमबॉक्स त्या आवृत्तीवर आपोआप जाऊ शकतो. त्यासाठी डिस्कवर पुरेशी मोकळी जागा लागते. गच्च भरलेल्या कार्डावर ही प्रक्रिया अडते. ती चालू असताना काही तास सेवा बंद-चालू होत राहतील. त्या दरम्यान यंत्राला हात लावू नये, आणि आदल्या दिवशीचा बॅकअप हाताशी असावा.

१५. कार्डावरून आता लॅपटॉपवर जायचे आहे. कार्डाची नक्कल लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवली तर चालेल का?

चालणार नाही, कारण रास्पबेरी पायची प्रणाली एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेली असते आणि लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या घडणीचा असतो. नव्या यंत्रावर प्रणाली नव्याने बसवावी, ज्या सेवा जुन्यावर होत्या त्या आधी तेथे बसवाव्यात आणि मगच प्रश्न १२ मधील बॅकअप परत भरावा; सेवा बसवलेली नसेल तर तिची माहिती परत घेता येत नाही. वापरकर्त्यांची खाती आणि त्यांच्या परवानग्या नव्या यंत्रावर बरोबर आहेत ना, हे प्रत्येकाच्या फोनवरून एकेकदा तपासावे. शेवटी राउटरमधील कायम केलेला पत्ता आणि वळवलेले पोर्ट नव्या यंत्राकडे न्यावेत. डोमेन तेच ठेवले तर घरच्यांना आपल्या फोनवर काहीही बदलावे लागत नाही. जुने कार्ड लगेच पुसू नये. नव्या यंत्रावरून एक पूर्ण बॅकअप घेऊन तो परत उघडून पाहीपर्यंत ते नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवून द्यावे.